स्मॉल रिअॅक्टरची वीज तीन रुपयात पडेल काय? जरा सविस्तरच सांगतो

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्या पोरानं विचारलंय, म्हणजे प्रश्न साधारण असा: "काका, सगळीकडं वाचायलोय की नवीन डिझाइनचे रिअॅक्टर येणार, सोडियमवाले, गॅसवाले, मोल्टन सॉल्टवाले, शिवाय छोटे मॉड्युलर जे फॅक्टरीत बनून ट्रेलरवरून येणार. वीज म्हणे तीन रुपये युनिट. आमचं हेस्कॉमचं (सरकारी वीज कंपनीचं) बिल बघून डोकं फिरतं. आम्ही दहावीस कारखानदारांनी मिळून एखादा घेतला तर? आणि नवीन डिझाइननं खरंच स्वस्त होतंय काय?"

माझं सगळं आयुष्य पॉवर प्लांटच्या कॉस्टिंगमध्ये गेलं बाबा, आधी थर्मल, मग आपल्या भागातल्या साखर कारखान्यांचे को-जन (कारखान्याच्याच वाफेवर वीज करणारे प्लांट), मधे काही वर्षं न्यूक्लिअरच्या टर्बाइन साइडचं काम. रिअॅक्टर फिजिक्स शिकवायला मी बसलो नाही, त्याला दुसरी माणसं आहेत. पैसा कुठं जातो तेवढं सांगू शकतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की अणुवीज महाग पडते ती रिअॅक्टर जुन्या पद्धतीचा असतो म्हणून. पूर्ण प्लांटच्या खर्चात खुद्द रिअॅक्टर व्हेसल (म्हणजे त्याचं मुख्य भांडं) आणि त्याच्या आतला मामला हा लहान हिस्सा असतो. मोठा पैसा जातो काँक्रीट, सळी, खोदाई, पाइपिंग, केबल, टर्बाइन हॉल, कूलिंग, आणि सगळ्यात जास्त डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीत, म्हणजे इंजिनिअरिंगचे तास, सुपरव्हिजन, इन्स्पेक्शन, कागदपत्रं, आणि काम थांबलं तरी चालू राहणारे पगार. आता रिअॅक्टरची उष्णता वाहून न्यायला तू पाण्याच्या जागी सोडियम घातलास तरी खोदाई तेवढीच, टर्बाइन हॉल तोच, इन्स्पेक्टर तोच. मग स्वस्त काय झालं?

बरं, इंधनाचं घे. ब्रीडर रिअॅक्टरचं, म्हणजे चालता चालता नवं इंधन तयार करणाऱ्याचं, कौतुक करताना लोक म्हणतात की युरेनियम साठपट जास्त वापरलं जातं. खरं आहे ते, पण अणुविजेच्या युनिटमध्ये इंधनाचा वाटाच मुळात थोडा, आणि त्यातही कच्च्या युरेनियमचा तर अजून थोडा, बाकी एन्रिचमेंट (युरेनियमचा कामाचा भाग वाढवणं) आणि फॅब्रिकेशन (इंधनाच्या कांड्या बनवणं). म्हणजे युरेनियम फुकट मिळालं तरी बिलात तुला फारसा फरक दिसणार नाही. आपल्या देशानं ब्रीडरचा रस्ता धरला तो स्वस्ताईसाठी नाही, आपल्याकडं युरेनियम कमी आणि थोरियम भरपूर म्हणून. ते कारण वेगळं आणि मला पटतं, पण त्याला "स्वस्त वीज" म्हणून विकू नये एवढंच. कल्पक्कमचा 500 मेगावॉटचा ब्रीडर, पीएफबीआर, बघ, 2003 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा 3,492 कोटी, पुढं 5,677 कोटी, नंतर त्याच्याही वर गेला. काम 2004 ला सुरू, आणि कोअर लोडिंगला, म्हणजे रिअॅक्टरचं पोट भरायला, मुहूर्त लागला मार्च 2024 मध्ये. वीस वर्षं.

आता ही वीस वर्षं म्हणजे पैशात काय ते समजून घे, कारण सगळा खेळ इथंच आहे. कोऱ्या कागदावर हिशोब करू. समजा मेगावॉटला 15 कोटी खर्च, व्याज न धरता. (आकडा मनानं नाही घेतला, 2017 मध्ये केंद्रानं 700 मेगावॉटचे दहा पीएचडब्ल्यूआर, म्हणजे आपले जड पाण्यावरचे रिअॅक्टर, एकदम मंजूर केले ते 1.05 लाख कोटीला, भागाकार करून बघ. त्यात व्याज किती धरलंय त्यात शिरत नाही, हिशोब सोपा व्हावा म्हणून कोरा धरतो.) पैशाचा भाव, म्हणजे बँकेचं व्याज आणि मालकाचा परतावा मिळून, 10 टक्के. प्लांट 40 वर्षं चालणार, 90 टक्के पीएलएफनं (पूर्ण क्षमतेच्या 90 टक्के वीज काढून), म्हणजे एका मेगावॉटमागं वर्षाला साधारण 79 लाख युनिट. बांधकाम पाच वर्षांत उरकलं तर बांधकामातलं व्याज धरून 15 चे साडेएकोणीस कोटी होतात आणि युनिटमागं भांडवलाचा बोजा पडतो अडीच रुपये. तेच काम दहा वर्षं रखडलं, बाकी एक पैसा पण जास्त खर्च झाला नाही असं धर, तरी 15 चे जवळजवळ 26 कोटी होतात आणि बोजा तीन रुपये पस्तीस पैसे. आणि तो दहा वर्षांवाला प्लांट 90 ऐवजी 60 टक्केच चालला तर? पाच रुपये. अजून इंधन, पगार, देखभाल यातलं काहीच धरलं नाही हां, ते वर. उलट पाच वर्षांवाल्यालाच पैसा 10 ऐवजी 5 टक्क्यानं मिळाला तर अडीच रुपयाचा सव्वा रुपया होतो, बरोबर अर्धा. रिअॅक्टरचं डिझाइन एका शब्दानं न बदलता सव्वा रुपयापासून पाच रुपयापर्यंत! म्हणून कोण "आमचं डिझाइन 20 टक्के स्वस्त" म्हणून सांगायला लागला की मी पहिला प्रश्न विचारतो, पैसा कितीनं आणलास आणि किती वर्षांत लाइट लावणार ते सांग.

हे कागदावर वाचून कळत नाही, साइटवर बघितलं की कळतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं को-जन (नाव नको), टर्बाइन येऊन पडलेला, बॉयलर उभा, आणि कूलिंग टॉवरच्या काँट्रॅक्टरचं बिल अडकलं म्हणून त्याची माणसं निघून गेली. गाळप सुरू झालं नोव्हेंबरात, ग्रिडला सिंक झालं तेव्हा हंगाम संपत आलेला. टर्बाइनवर ताडपत्री घातलेली आणि एक पोरगा थोड्या थोड्या दिवसांनी येऊन रोटर हातानं अर्धा फेरा फिरवून जायचा, एकाच जागी पडून वाकू नये म्हणून. एवढंच काम चालू होतं त्या हॉलमध्ये. बँकेचं मीटर मात्र दिवसरात्र. आणि ते होतं तीस मेगावॉटच्या आतलं, त्यात किरणोत्साराचा संबंध नाही, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी नाही. न्यूक्लिअरमध्ये हेच शंभर पटीनं होतं.

परदेशात काय झालं बघ. फिनलंडचा ओल्किलुओटो-3 चं काम 2005 ला सुरू झालं, 2009 ला चालू होणार होता, नेमानं वीज द्यायला लागला एप्रिल 2023 मध्ये. फ्रान्सचा फ्लामानव्हिल 2007 ला सुरू, ग्रिडला लागला डिसेंबर 2024 मध्ये, 3.3 अब्ज युरोचे 13 अब्जाच्या वर. अमेरिकेत व्होग्टलच्या दोन युनिट (म्हणजे दोन रिअॅक्टर) 14 अब्ज डॉलरच्या म्हणत म्हणत 30 अब्जाच्या पार गेल्या, आणि साउथ कॅरोलिनात तर तसल्याच दोन युनिट नऊ अब्ज घालून 2017 मध्ये अर्ध्यावर सोडून दिल्या. गंमत अशी की हे सगळे "अॅडव्हान्स्ड" म्हणूनच विकलेले, त्यात अमेरिकेतले तर पॅसिव्ह सेफ्टी (पंपाशिवाय आपोआप थंड होणारे), कमी पंप, कमी व्हॉल्व्ह, मॉड्युल फॅक्टरीत बनवून साइटवर जोडायचे. मॉड्युल फॅक्टरीतूनच चुकीचे यायला लागले तेव्हा साइटवर परत वेल्डिंग.

पण व्होग्टलची अजून एक बाजू आहे जी लोक सांगत नाहीत. तिथली दुसरी युनिट पहिलीपेक्षा लवकर आणि स्वस्तात झाली, कारण माणसं तीच, चुका करून झालेल्या. आणि मग काय केलं? तिसरी ऑर्डरच नाही. हजारो वेल्डर, फिटर, इन्स्पेक्टर तयार झाले आणि घरी गेले. इतकी महागडी शाळा चालवून पास झालेल्या पोरांना कामच दिलं नाही!

तुला फाउंड्रीतलं सांगतो, लगेच कळेल. नवीन जॉब आला की पॅटर्न, कोअर बॉक्स, गेटिंगची ट्रायल, पहिल्या लॉटात रिजेक्शन किती जातं ते तुला माहीत आहे. तो खर्च पाचशे पीसवर पसरला तर पार्टीला रेट परवडतो, पाच पीसवर पसरला तर पार्टी पळून जाते. नवीन रिअॅक्टर डिझाइनवाले सगळे पहिल्या पीसवर उभे आहेत आणि रेट कोट करायलेत पाचशेव्या पीसचा.

छोट्या रिअॅक्टरचं गणित तर याहून अवघड, आणि हे जरा लक्ष देऊन वाच. प्लांट कॉस्टिंगमध्ये जुना ठोकताळा आहे की साइज वाढली की खर्च त्याच प्रमाणात वाढत नाही, साधारण 0.6 च्या घातानं वाढतो. म्हणजे रिअॅक्टर दहापट लहान केलास तर खर्च दहापट कमी होत नाही, चौपटच कमी होतो. म्हणजे मेगावॉटला अडीचपट महाग. ही अडीचपट भरून काढायची कशी, तर एकसारखे भरपूर बनवून. दर वेळी एकूण संख्या दुप्पट झाली की खर्च 20 टक्के उतरतो असं धरलं तर सतरा-अठरा रिअॅक्टरनंतर मोठ्याची बरोबरी होते. 10 टक्केच उतरला तर चारशेच्या वर बनवावे लागतात. जगात आज चालू असलेले सगळे देश, सगळी डिझाइनं मिळून रिअॅक्टर साधारण 440 आहेत. आणि न्यूक्लिअरचा आजवरचा इतिहास बघितला तर 20 टक्के उतार फारसा कुठं दिसत नाही, बऱ्याच ठिकाणी उलट खर्च चढलाय.

हे डिझाइनवाल्यांना पण कळतं बरं का. अमेरिकेच्या न्यूस्केलचं मॉड्युल बघ, 50 मेगावॉट, मग 60, मग 77. लहान लहान म्हणत मोठंच करत गेले, कारण घाताचा नियम पाठ सोडत नाही. रोल्स-रॉइस ज्याला "स्मॉल" म्हणतात तो 470 मेगावॉटचा, आपल्या कारवारकडच्या कैगा अणुवीज केंद्राच्या एका युनिटच्या दुपटीहून मोठा! कैगा म्हणजे 220 चे चार, आणि त्यांना कोणी स्मॉल मॉड्युलर म्हणून मिरवलं नाही. न्यूस्केलचा आयडाहोतला पहिला प्रोजेक्ट नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला. 462 मेगावॉटला 5.3 अब्ज डॉलर म्हणाले होते, 9.3 अब्ज झाले, विजेचा भाव मेगावॉट-तासाला 58 वरून 89 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं युनिटला सात रुपये चाळीस पैशाच्या आसपास, ते पण सरकारी सवलत धरून. घेणारी गावं, म्हणजे तिथल्या नगरपालिकांच्या वीज संस्था, पुरेशा संख्येनं तयारच झाल्या नाहीत. त्यांनी बरोबर केलं असं माझं मत.

कॅनडात डार्लिंग्टनला 300 मेगावॉटचे चार व्हायलेत, सगळे मिळून 20.9 अब्ज कॅनेडियन डॉलर, त्यात पहिलाच 7.7 अब्जाचा, सामाईक सोयी धरून. म्हणजे उरलेले तीन सरासरी 4.4 अब्जात बसवणार. हे मला प्रामाणिक वाटतं, पहिला महाग म्हणून उघड सांगितलंय आणि पहिल्याच दिवशी चारची मालिका धरलीय. बसतंय की नाही ते पुढं कळेल, पण कोटेशन असं लिहायचं असतं.

राहिली सोडियम, गॅस वगैरे मंडळी. सोडियमवाल्याला प्रेशर कमी, म्हणून व्हेसल पातळ चालतं, इथं पैसा वाचतो. पण सोडियम पाण्याला लागला की पेटतो, म्हणून मधे अजून एक सोडियमचं लूप घालावं लागतं, जास्तीचे पंप, जास्तीचे हीट एक्स्चेंजर, वाचलेला पैसा तिथं गेला. जपानच्या मोंजूला 1995 मध्ये सोडियम गळला, त्यानंतर तो नीट असा चाललाच नाही आणि 2016 मध्ये कायमचा बंद करायचा ठरला. गॅसवाल्याचं वेगळं, तापमान मस्त मिळतं, पण पॉवर डेन्सिटी (तेवढ्याच जागेतून निघणारी उष्णता) साध्या पाण्याच्या रिअॅक्टरच्या तीसपट कमी, म्हणजे तेवढ्याच विजेला भलं मोठं व्हेसल. चीननं शिदाओ बेला दोन रिअॅक्टर एका टर्बाइनला जोडून 210 मेगावॉट काढलेत, काम 2012 ला सुरू, कमर्शिअल डिसेंबर 2023. चीनला अकरा वर्षं लागली म्हणजे विचार कर. मोल्टन सॉल्टवर मी काही बोलत नाही, ओक रिजला साठच्या दशकात एक छोटा प्रयोगाचा चालवला होता, वीज न बनवणारा. ज्याची वीजच कोणी विकली नाही त्याचं कॉस्टिंग काय करू?

आणि या नव्या डिझाइनांपैकी बऱ्याच जणांना इंधन पण वेगळं लागतं, 5 ते 20 टक्क्याच्या मधे एन्रिच केलेलं. बिल गेट्सच्या टेरापॉवरनं वायोमिंगमध्ये 345 मेगावॉटचा सोडियमवाला काढला, आणि डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलं की किमान दोन वर्षं उशीर, कारण ते इंधन धंद्याच्या भावात विकणारा एकच, रशिया. युक्रेनचं युद्ध लागलं आणि दुकान बंद. त्या प्लांटमधली एक गोष्ट मात्र मला आवडली, उष्णता वितळलेल्या मिठात साठवून गरज पडली की 500 मेगावॉटपर्यंत सोडायची, म्हणजे दुपारी सोलरच्या वेळी गप्प बसायचं आणि संध्याकाळी महाग विकायचं. हा विचार रिअॅक्टरवाल्याचा नाही, व्यापाऱ्याचा आहे, म्हणूनच आवडला.

आता आपल्याकडं. 2025-26 च्या बजेटात न्यूक्लिअर एनर्जी मिशनला 20,000 कोटी, 2033 पर्यंत स्वदेशी पाच स्मॉल रिअॅक्टर, 2047 पर्यंत 100 गिगावॉट. डिसेंबर 2025 मध्ये अणुऊर्जेचा नवा शांती कायदा पास होऊन खासगी कंपन्यांना दार उघडलं. आणि तू ज्याबद्दल वाचलंस ते बहुतेक "भारत स्मॉल रिअॅक्टर", ते म्हणजे आपलाच 220 चा पीएचडब्ल्यूआर, थोडा सुधारून, जमीन कमी लागावी म्हणून. एनपीसीआयएलनं (सरकारी अणुवीज कंपनीनं) जो प्रस्ताव मागवला त्याचा गाभा असा की जमीन, पाणी, भांडवल कारखानदारानं घालायचं, चालवायचं एनपीसीआयएलनं, वीज कारखानदाराला. माझ्या मते सगळ्या स्मॉल प्रकारांत हाच त्यातल्या त्यात शहाणा, कारण पॅटर्न तयार आहे, बनवणारे हात तयार आहेत, इंधन साधं. कैगा-1 सलग 962 दिवस चालून 2018 च्या डिसेंबरात तेव्हाचा जगाचा रेकॉर्ड करून बसला, म्हणजे पीएलएफची काळजी नाही. पण त्या कैग्याचाच डोम 1994 मध्ये बांधताना आतून कोसळला होता आणि वीज मिळायला 2000 साल उजाडलं, हे पण त्याच पुस्तकात लिहिलेलं आहे.

तुम्ही दहावीस जण मिळून घेण्याचं म्हणशील तर मेगावॉटला 15 कोटीनं पण 220 ला 3,300 कोटी होतात, आणि छोटा म्हणजे 15 मध्ये बसणार नाही हे वर सांगितलंच. उद्यमबाग, मच्छे, होनगा सगळं गहाण टाकलं तरी कोणती बँक देईल? पाणी बघ, असल्या प्लांटच्या कूलिंग टॉवरमधून रोज कोटी-दीड कोटी लिटर उडून जातं, इथं उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी बघून महापालिका नळ सोडते. आणि जमीन? हलगा-मच्छे बायपासच्या नुसत्या रस्त्याला किती वर्षं शेतकरी, पोलीस आणि कोर्ट चाललं ते आपण बघितलंय, रिअॅक्टर म्हटल्यावर काय होईल! ही वर्षं पण व्याजात मोजायची असतात.

तुझ्या बिलाचं बोलायचं तर, इंडक्शन फर्नेसला टनाला साडेपाचशे-सहाशे युनिट जातात, म्हणजे युनिटला एक रुपया वाचला तर टनामागं साधारण सहाशे. त्यासाठी 2035 ची वाट बघू नको. चारपाच जणांनी मिळून ओपन अॅक्सेसमधून (हेस्कॉमऐवजी थेट वीज बनवणाऱ्याकडून घेऊन) सोलरचं बघा, मेल्टिंगच्या जेवढ्या शिफ्ट दिवसा आणता येतील तेवढ्या आणा, व्हीलिंग (तारांचं भाडं) आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार लावून खाली काय उरतं तो आकडा काढा, पॅनेल विकणाऱ्याच्या ब्रोशरमधला नको. रात्रीच्या विजेला अणुवीज कामाची आहे, मी विरोधात नाही, पण ती ग्रिडमधून यावी, कैग्यात 700 च्या 5 आणि 6 होणार आहेत त्यांच्यासारख्या मोठ्या, एकापाठोपाठ एक, एकाच डिझाइनच्या. शेवटी सरकारच स्वस्त पैसा आणू शकतं, तू आणि मी नाही.

उलट 700 चे दहा एकसारखे होणार असतील तर तुमच्यासाठी धंदा दुसऱ्या बाजूनं आहे. व्हॉल्व्ह बॉडी, पंप केसिंग, सपोर्ट, हे कुठंतरी ओतलं जाणारच. बेळगावात मशिनिंग आहे, हायड्रॉलिक्स आहे, माणसं आहेत. फक्त न्यूक्लिअर ग्रेडचा रेट साध्या जॉबवर वीस टक्के चढवून देऊ नको, मरशील. प्रत्येक हीटचं (वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचं) टेस्ट सर्टिफिकेट, रेडिओग्राफी, वेल्ड रिपेअर करायचं तर आधी परवानगी, आणि होल्ड पॉइंट, म्हणजे इन्स्पेक्टरनं सही केल्याशिवाय पुढची स्टेप नाही. तो मुंबईहून येणार, रेल्वे चुकली तर मोल्ड तसाच पडून. कोटेशनमध्ये धातूचा रेट वेगळा, कागदाचा वेगळा आणि इन्स्पेक्टरची वाट बघण्याचा दिवसाला किती ते पण वेगळं लिही, आणि पहिल्या ऑर्डरलाच पुढच्या चार युनिटची रिपीट ऑर्डर लेखी मागून घे.